बदल्यात आलेला

आपल्याकडे हॉकी म्हटले की गवताचे मैदान, ध्यानचंद आणि ऑलिम्पिकची सुवर्णपदके डोळ्यांसमोर येतात. सेमिनरीच्या अंगणात संध्याकाळी काठ्या आपटत आम्ही खेळलो तीही हॉकीच, आणि तिच्या खुणा आमच्या नडग्यांवर अजून आहेत. कॅनडात मात्र नुसते हॉकी म्हटले की ती बर्फावरची समजावी. पायांत धारदार पात्यांचे बूट, चेंडूच्या जागी रबरी चकती, आणि वेग असा की पाहणाऱ्याची नजर मागे पडावी. आपल्या कितीतरी घरांतील मुले-सुना आज कॅनडात स्थायिक आहेत. सुटीवर आलेली त्यांची मुले क्रिकेटऐवजी या खेळाच्या गोष्टी सांगतात, तेव्हा आजोबा कौतुकाने मान हलवतात आणि त्यांना काहीही कळत नाही. त्या आजोबांसाठीच, असे समजा, आम्ही आज एका खेळाडूच्या बदलीची हकीकत सांगणार आहोत. खरे सांगायचे तर दोन खेळाडूंच्या. पण जग त्यांतील एकाचीच आठवण ठेवते.

वेन ग्रेट्स्की हा १९६१ साली ऑन्टारिओ प्रांतातील ब्रॅन्टफर्ड गावी जन्मला. टेलिफोन कंपनीत नोकरी करणाऱ्या त्याच्या वडिलांनी घराच्या परसात पाणी ओतून, ते गोठवून मुलासाठी बर्फाचे मैदान केले होते. दहा वर्षांच्या या मुलाने एका हंगामात ३७८ गोल केले. पुढे अल्बर्टा प्रांतातील एडमंटन शहराच्या ऑइलर्स संघाकडून तो खेळू लागला आणि विक्रमांची पुस्तके पुन्हा लिहावी लागली. १९८१-८२ च्या हंगामात त्याचे ९२ गोल झाले. १९८४, १९८५, १९८७ आणि १९८८ अशी चार वर्षे स्टॅन्ली चषक एडमंटनला आला. हे शहर तेलाच्या धंद्यावर वाढलेले, थंडीने गोठणारे, आणि टोरंटो-मॉन्ट्रियलच्या मानाने आडबाजूचे. १९८६ साली तेलाचे भाव कोसळले तेव्हा तिथल्या अनेक घरांची घडी विस्कटली. अशा शहराला जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू आपला वाटावा, याचे मोल पैशांत कसे करणार?

पण मोल पैशांतच झाले. ९ ऑगस्ट १९८८ रोजी ऑइलर्सचे मालक पीटर पॉकलिंग्टन यांनी ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसच्या किंग्ज संघाला देऊन टाकले. त्याच्याबरोबर आणखी दोघे गेले. बदल्यात एडमंटनला दीड कोटी अमेरिकन डॉलर, जिमी कार्सन आणि मार्टिन जेलिना हे दोन तरुण खेळाडू, आणि पुढच्या वर्षांत नवे खेळाडू निवडण्याचे तीन पहिले हक्क मिळाले. पत्रकारांसमोर बोलताना ग्रेट्स्कीला रडू आवरेना. रडणार नाही असे त्याने आपला सोबती मार्क मेसिए याला वचन दिले होते, ते मोडले.

मग शहर पेटले. पॉकलिंग्टन यांचा पुतळा जाळण्यात आला. त्यांच्या मांस-कारखान्यातील १९८६ च्या कडवट संपामुळे कामगारांचा त्यांच्यावर आधीच राग होता. त्यात हे तेल पडले. कॅनडाच्या संसदेतील न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते नेल्सन रीस यांनी सरकारने हा व्यवहार रोखावा अशी मागणी केली. आपल्याला हे हास्यास्पद वाटेल. पण त्याच वर्षी अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा करार झाला होता, नोव्हेंबरमधील निवडणूक त्याच प्रश्नावर लढली जाणार होती, आणि शेजारचा श्रीमंत दांडगा आपले सारे काही हळूहळू विकत घेईल, ही भीती कॅनडाच्या मनात घर करून होती. त्या भीतीला ९ ऑगस्टला एक चेहरा मिळाला.

तरीही मालकाला शिव्या देऊन लोकांचे समाधान झाले नाही. या व्यवहाराच्या अवघ्या चोवीस दिवस आधी, १६ जुलैला, ग्रेट्स्कीचा विवाह जॅनेट जोन्स या अमेरिकन अभिनेत्रीशी एडमंटनच्या संत योसेफ महामंदिरात झाला होता. वृत्तपत्रांनी त्याला राजघराण्यातील लग्नाची उपमा दिली; महामंदिराबाहेर गर्दी लोटली. आणि चोवीस दिवसांनी तीच वधू अपराधी ठरली. हिला सिनेमात कामे हवीत, हॉलिवुड हवे, म्हणून हिने नवऱ्याला फितवले, असे उघड बोलले जाऊ लागले. बीटल्स फुटले तेव्हा ज्या योको ओनोच्या डोक्यावर खापर फोडण्यात आले, तिचे नाव जॅनेटला चिकटले. वास्तविक, मे महिन्यात चौथा चषक जिंकल्यानंतर दोनच तासांनी ग्रेट्स्कीला वडिलांकडून कळले होते की मालक आपल्याला विकायला निघाला आहे. लग्नाच्या आधीची ही गोष्ट. पण शोकाला कारण लागत नाही, कोणीतरी हाताशी लागते. आणि घरात नुकतीच आलेली स्त्री सर्वांत हाताशी असते. एदेन बागेत देवाने जाब विचारला तेव्हा आदामाने बोट कोणाकडे दाखवले, हे आम्ही वाचकांना सांगायला नको. आमच्या धर्मगुरुपदाच्या काळात कितीतरी घरांत, वाटण्या झाल्या की सुनेचे नाव घेतलेले आम्ही ऐकले आहे. एडमंटन काही वेगळ्या मातीचे नव्हते.

आणखी एक गोष्ट त्या गदारोळात बहुतेकांच्या ध्यानी आली नाही. ग्रेट्स्की एडमंटनला आला तोही विकत घेतलेलाच होता. १९७८ साली, सतरा वर्षांचा असताना, तो इंडियानापोलिसच्या रेसर्स संघाकडे होता. जेमतेम आठ सामने झाले, मालकाचे पैसे आटले, आणि त्याने हा मुलगा आणखी दोघांसह पॉकलिंग्टन यांना विकला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत रेसर्स संघ बंद पडला. इंडियानापोलिसच्या प्रेक्षकांचे जे गेले त्याची एडमंटनमध्ये कोणाला खंत नव्हती. तिथे आनंदीआनंद होता. आपल्या घरी येणारी वस्तू देवाची देणगी वाटते आणि घरातून जाणारी चोरी वाटते. २६ जानेवारी १९७९ या त्याच्या अठराव्या वाढदिवशी, मैदानाच्या मध्यभागी, प्रेक्षकांच्या साक्षीने, त्याने एकवीस वर्षांच्या करारावर सही केली होती. टाळ्या वाजवणाऱ्यांना तेव्हा वाटले असेल की हा आपल्याशी बांधला गेला. तो बांधला गेला होता मालकाशी.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो त्या जिमी कार्सनकडे वळतो.

हा मुलगा अमेरिकेच्या मिशिगन राज्यातला, डेट्रॉइट परिसरात वाढलेला. ९ ऑगस्टला त्याला विसावे वर्ष पूर्ण होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. आदल्या हंगामात लॉस एंजेलिससाठी त्याने ५५ गोल केले होते. एकोणिसाव्या वर्षी ५५! त्याच हंगामात दुखापतीमुळे काही सामने हुकलेल्या ग्रेट्स्कीचे गोल ४० होते. कुठल्याही सामान्य वर्षी असा खेळाडू शहरात येता तर लोकांनी त्याला खांद्यावर घेतले असते. पण तो आला ग्रेट्स्कीच्या बदल्यात. वृत्तपत्रांत त्याचे नाव डॉलरच्या आकड्यानंतर येत होते. त्याने ही जागा मागितली नव्हती. त्याला कोणी विचारलेही नव्हते. ग्रेट्स्कीने निदान संमती दिली होती, आपल्याबरोबर अमुक सोबती हवा अशी अट घातली होती. कार्सनच्या हाती फक्त विमानाचे तिकीट होते.

इथे आम्हाला थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. धर्मगुरूंच्या बदल्या हा आपल्या धर्मग्रामांतील नित्याचा विषय. लाडक्या फादरांची बदली झाली की सह्यांचे कागद फिरतात, शिष्टमंडळ महागुरुस्वामींना भेटायला जाते, निरोप समारंभात रुमाल ओले होतात. बदलीमागे कोणाचा तरी हात असणार, असे कुजबुजले जाते. या सर्वांत कुणाच्याही मनात येत नाही तो माणूस म्हणजे दुसऱ्या एका धर्मग्रामातून पेटी-पुस्तके आवरून निघालेला. आम्ही असे एकदा निघालो होतो. आमच्या आधीचे फादर त्या गावी नऊ वर्षे होते, आणि त्यांच्याविषयी लोक जे सांगत ते सारे खरे होते. ते खरे होते हीच अडचण होती. लोक आमच्याशी वाईट वागले नाहीत. मिस्सेला येत, नमस्कार करीत, जेवणाचे बोलावणे करीत. फक्त ‘आमचे फादर’ म्हटले की ते आमच्याविषयी बोलत नसत. आम्ही ‘नवीन फादर’ होतो, आणि दीड वर्ष नवीनच राहिलो.

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन घेऊन जाताना एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी जाणे होई. डोळे जवळजवळ गेलेले. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी आमचा हात चाचपून पाहिला आणि म्हणाल्या, “तुमचा काही दोष नाही हो, फादर. पण हात ओळखीचा नाही.” आम्ही म्हणालो, “होईल, मावशी.” त्या म्हणाल्या, “माझ्याकडे तेवढे दिवस कुठे आहेत?” त्यांच्याकडे खरोखरच नव्हते. पावसाळ्यापूर्वी त्या गेल्या आणि त्यांच्या अंत्यविधीला आधीच्या फादरांनी यावे अशी मुलांची इच्छा होती. ते आले. आम्ही त्यांच्या शेजारी वेदीवर उभे होतो. आमच्यात कसलेही वैर नव्हते, आजही नाही. पण त्या दिवशी चर्चच्या बाकांवरून सारे डोळे कुठे लागले होते, हे वेदीवरून अगदी स्पष्ट दिसत होते.

म्हणूनच १९ ऑक्टोबर १९८८ च्या त्या सामन्याविषयी वाचताना आमचे लक्ष भलतीकडेच जाते. लॉस एंजेलिसचा पोशाख घालून ग्रेट्स्की त्या दिवशी प्रथमच एडमंटनच्या बर्फावर उतरला. प्रेक्षागृह खचाखच भरलेले. लोक उठून उभे राहिले आणि चार मिनिटे टाळ्या थांबल्या नाहीत. अडीच महिन्यांपूर्वी ज्याला काहींनी देशद्रोही ठरवले होते, त्याला हे शहर विसरू शकत नव्हते. या प्रसंगाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, आणि त्यात मनाला हलवणारे काही आहे हे आम्हीही मान्य करतो. सामना एडमंटनने ८-६ असा जिंकला. पण त्या चार मिनिटांत एडमंटनच्या बाजूला, एडमंटनचाच पोशाख घालून, वीस वर्षांचा कार्सनही होता. त्या टाळ्या ऐकताना त्याने कुठे पाहिले असेल?

त्या हंगामात कार्सन सर्व ८० सामने खेळला. त्याने ४९ गोल केले, आणि सोबत्यांना करून दिलेले धरून बरोबर शंभर गुण मिळवले. लॉस एंजेलिसमध्ये ग्रेट्स्कीचे गोल ५४ झाले. केवळ पाचाचा फरक! मात्र एकूण गुण ग्रेट्स्कीचे १६८ होते. कारण त्याची खरी थोरवी दुसऱ्याला गोल करायला लावण्यात होती. असो. शंभर गुण मिळवणारा वीस वर्षांचा मुलगा कमी पडला असे कोण म्हणेल? पण वसंतात चषकाच्या सामन्यांत, पहिल्याच फेरीत, गाठ पडली ती लॉस एंजेलिसशी. एडमंटन ३-१ असे पुढे होते. उरलेले तिन्ही सामने हरून बाहेर पडले. उन्हाळ्यात मैदानाबाहेर ग्रेट्स्कीचा चषक उंचावलेला कांस्य पुतळा उभा राहिला. पुढच्या हंगामासाठी कार्सन सरावाला येई तो त्या पुतळ्याच्या शहरात.

१९८९ च्या हंगामाचे चार सामने झाले आणि त्याने सांगून टाकले की आपल्याला इथे खेळणे जमत नाही. त्याच सुमारास, १५ ऑक्टोबरला, ग्रेट्स्कीने गॉर्डी हाउ यांचा १८५० गुणांचा विक्रम मोडला, आणि तोही एडमंटनच्याच मैदानात. खेळ थांबवून समारंभ झाला, आणि मग जादा वेळेत ग्रेट्स्कीनेच गोल करून यजमानांना हरवले. एडमंटनने त्याही रात्री टाळ्या वाजवल्या.

नोव्हेंबरच्या प्रारंभी कार्सनला डेट्रॉइटकडे पाठवण्यात आले. त्याच्या बदल्यात आलेल्यांत अ‍ॅडम ग्रेव्ह्ज, जो मर्फी आणि पेटर क्लिमा हे होते. मे १९९० मध्ये अंतिम फेरीचा पहिला सामना तिसऱ्या जादा डावापर्यंत लांबला, तेव्हा निर्णायक गोल क्लिमाने केला. ग्रेव्ह्ज आणि मर्फी हे जेलिनाबरोबर एकाच फळीत खेळत. एडमंटनने पाचवा चषक जिंकला. ग्रेट्स्कीवाचून, मेसिएच्या नेतृत्वाखाली. जो मुलगा टिकला नाही, त्याच्याच बदल्यात आलेल्यांनी तो जिंकायला हातभार लावला. ज्या दीड कोटींसाठी सारे झाले, त्यांनी मालकाची ददात मिटली नाही. १९९८ साली पॉकलिंग्टन यांना संघ विकावा लागला, आणि तो एडमंटनच्याच नागरिकांच्या एका गटाने घेतला.

ग्रेट्स्की १९९९ साली निवृत्त झाला. त्याचा ८९४ गोलांचा विक्रम एप्रिल २०२५ मध्ये अलेक्झांडर ओव्हेचकिनने मोडला. त्याचा पुतळा २०१६ मध्ये नव्या प्रेक्षागृहासमोर हलवण्यात आला. अमेरिकेच्या अध्यक्षांशी असलेल्या मैत्रीवरून २०२५ साली कॅनडातील पुष्कळ लोक त्याच्यावर पुन्हा रुसले. इतक्या वर्षांनीही त्या देशाचा त्याच्यावरचा हक्क सुटलेला नाही.

जिमी कार्सन डेट्रॉइटला गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. लहानपणी ज्या संघाचे सामने घराजवळ होत, त्याच संघाचा पोशाख आता त्याच्या अंगावर होता. ते शहर ग्रेट्स्कीची वाट पाहत नव्हते.