सुट्टीचा बेत

आमच्या दुर्गदबैलाचे नाव ऐकले की महाराष्ट्रातून आलेला पाहुणा हमखास विचारतो, "हा बैल कोणाचा?" मग त्याला सांगावे लागते की, हा शिंगांचा बैल नव्हे. कन्नडमध्ये 'बयलु' म्हणजे मोकळी जागा. दुर्गदबैल म्हणजे किल्ल्याचे मैदान. आज येथे दुर्ग दिसत नाही आणि मैदानही उरलेले नाही. कापडाची दुकाने, फळांच्या गाड्या आणि संध्याकाळी खाद्यपदार्थांभोवती जमणारी गर्दी, एवढेच दृष्टीस पडते. वस्तू गेली, नाव मात्र राहिले. या साध्या गोष्टीचा अर्थ मला परवा सुट्टीचा बेत आखताना उमगला.

मुलांची मागणी सरळ होती: डोंगर हवा, तळे हवे आणि तळ्यात नाव हवी. प्रथम महाबळेश्वरचा विचार झाला. पण खर्चाचा आकडा पाहून सौभाग्यवतींनी वेण्णा तलाव पुढल्या वर्षावर ढकलला. मग मी नकाशा पसरला आणि ध्यानात आले की, आपण उगाच दूर पाहत आहोत. धारवाड, हल्याळ, दांडेली असे पश्चिमेस गेले की सह्याद्रीचे अरण्य सुरू होते. दिग्गीजवळ उगम पावून कारवारपाशी समुद्रास मिळणारी काळी नदी अवघी १८४ किलोमीटर लांबीची. पण सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी आणि कद्रा अशी मोठी जलाशये तिच्यावर झाली आहेत. डोंगर आणि तळी आमच्या उंबरठ्याशीच होती!

शिक्षकाच्या सवयीप्रमाणे मी वहीत रकाने आखले. पावसाळा वर्ज्य, कारण त्या रानात जळवा पायांस सोडीत नाहीत. २००७ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या आणि २०१५ पासून 'काळी' हे नाव धारण करणाऱ्या या अरण्यात वाटेल तेथे तंबू ठोकता येत नाही. म्हणून वनखात्याची परवानगी आधी काढावयाची. पहाटे धनेश पक्षी पाहावयाचे. धरणाच्या खाली नदीत नावेतून जावयाचे, तर वीजनिर्मितीसाठी पाणी सोडण्याची वेळ विचारून घ्यावयाची. मुक्काम दसऱ्याच्या सुट्टीत, कारण पावसानंतर जलाशय भरलेला असतो. शेवटच्या रकान्यात मी लिहिले: 'सुपा जलाशय. प्रेक्षणीय. दुपारी २ तास.'

वही आईच्या हाती पडली. चष्मा लावून तिने ती शेवटपर्यंत वाचली आणि आमच्या घरच्या कोंकणीत इतकेच म्हणाली, "थंय पळोंवचें कितें आसा, पुता?" तेथे पाहण्यासारखे काय आहे?

मी ओशाळलो. सुपा हे तिचे माहेर. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचे, एके काळी तालुक्याचे ठाणे असलेले ते गाव. गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ साली पूर्ण झाले आणि गाव पाण्याखाली गेले. ठाणे जोयड्यास हलले. तिची माणसे इतर अनेकांसारखी रामनगरच्या वसाहतीत गेली. आई त्यापूर्वीच लग्न होऊन हुबळीस आली होती. त्यामुळे गाव सोडताना घराचा निरोप घेणे तिच्या वाट्यास आले नाही. आम्ही घरात दिवे लावतो, पंखे फिरवतो. त्या विजेसाठी कोणाची तरी चूल विझली असेल, हे मी वर्गात शिकवितो. ती चूल माझ्या आजीची होती, हे मात्र मी 'प्रेक्षणीय' या शब्दाखाली झाकून टाकले होते.

त्या रात्री मी बेत मोडावयास निघालो. आईनेच मला थांबविले. ती म्हणाली, "मुलांना पाणी दाखव. पाणी वाईट नाही." थोड्या वेळाने तिने विचारले, "पाणी कधी उतरते?"

मी सांगितले, "मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या आधी."

ती काही बोलली नाही. पण माझ्या ध्यानात आले. आम्हांला तळे भरलेले हवे होते, तिला ते ओसरलेले हवे होते. ओसरलेल्या पाण्यातही तिचे घर दिसेलच असे नाही. निदान नदी कोणत्या अंगाने वळत होती, हे ती काठावरून हाताने दाखवू शकेल. मी दसरा खोडून तेथे मे लिहिले. मुले थोडी हिरमुसली, पण आजी स्वतः वाट दाखविणार म्हटल्यावर त्यांची कळी खुलली.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही सुट्टीत डोंगर आणि तळी पाहावयास जाल. अवश्य जा. नकाशा न्या, पाण्याची बाटली न्या. पण निघण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांस तुमची यादी एकदा वाचून दाखवा. आमच्या यादीत दोऱ्या, टोप्या, औषधे, विजेरी असे सारे काही होते. काल पाहिले, तो शेवटी आईच्या अक्षरात आणखी एक ओळ आली होती: 'नारळ १.'

तो कोणासाठी, हे मी विचारले नाही.