काकांचा कुलवृत्तान्त आणि घरचा संगणक

घरांत नवी वस्तु येते ती कधींच एकटी येत नाहीं. आपल्याबरोबर ती एक वादहि घेऊन येते. आमच्या घरीं पाट्यावरवंट्याच्या जागीं विजेचा मिक्सर आला तेव्हां चटणीच्या चवीवरून दोन तट पडले, आणि ते पुढें कित्येक वर्षें मिटले नाहींत. गेल्या वर्षीं, म्हणजे २०२५ च्या दसऱ्यास, निगडी प्राधिकरणांतील आमच्या घरीं मेजावर ठेवावयाचा नवा संगणक आला, तेव्हां वाद असा निघाला कीं, प्रत्येकाच्या खिशांत एकेक लहानसा संगणक असतांना हा आणखी एक कशाला?

वाद काढला आमच्या पुतण्यानें. तो चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यांत आहे. पहांटे कंपनीची बस गांठतो आणि दिवे लागल्यावर परततो. तो म्हणाला, “अण्णा, सगळें काम फोनवर होतें. लागलाच तर माझा जुना लॅपटॉप आहे.” परंतु त्या लॅपटॉपावरील विंडोज १० ह्या प्रणालीस १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमींच्या मोफत सुधारणा मिळावयाच्या नव्हत्या, आणि नवी प्रणाली पेलण्याचें बळ त्याच्या अंगीं नव्हतें. त्यामुळें तो मुद्दा तेथेंच संपला. आमचा खरा मुद्दा निराळा होता. फोन ही दाराआड खाल्लेल्या खाऊसारखी वस्तु आहे. कोण काय पाहतो, कोण काय लिहितो, हें शेजारीं बसलेल्यासहि कळत नाहीं. मेजावरचा संगणक मात्र देव्हाऱ्याप्रमाणें एका जागीं असतो. त्याच्यापाशीं जावें लागतें, आपली पाळी येईपर्यंत थांबावें लागतें, आणि जें करावयाचें तें चारचौघांदेखत करावें लागतें. एकत्र कुटुंबांत अशा एकदोन वस्तु असलेल्या बऱ्या, असें आमचें मत आहे.

दसरा त्या वर्षीं गुरुवारीं आला होता. गुरुवार हा आमच्या ह्या कारखान्यांच्या पट्ट्यांतला सुट्टीचा वार, आणि विजेच्या तारांचीं दुरुस्तीचीं कामेंहि बहुधा त्याच वारीं निघतात. त्या दिवशीं वीज गेली नाहीं हेंच आमचें नशीब! खोकीं उघडणें, तारा जुळवणें हीं कामें पुतण्याच्या मुलीनें केलीं. ती बारा वर्षांची आहे. कोणती तार कोठें बसते हें पाहण्यास तिला छापील पत्रक लागलें नाहीं. आम्ही मात्र तें डोळ्यांशीं धरून बसलों होतों. प्रत्येक तारेचें टोंक निराळ्या आकाराचें असतें व तें दुसऱ्या भोंकांत जातच नाहीं, ही साधी गोष्ट समजण्यास आम्हांस अर्धा तास लागला. शस्त्रपूजेच्या पाटावर सुरी, कात्री आणि पुतण्याचे पान्हे ह्यांच्या जोडीला कळफलक आणि माउस जाऊन बसले. मोरया गोसावींच्या चिंचवडाशेजारीं राहून उंदराची पूजा करण्यांत कोणास कांहीं वावगें वाटलें नाहीं. मात्र आम्हीं भक्तिभावानें टाकलेल्या अक्षतांतील दोन दाणे कळांच्या फटींत गेले, आणि नव्या यंत्राची पहिली दुरुस्ती पूजेनंतर पांच मिनिटांतच करावी लागली. तेव्हांपासून अक्षता टाकण्याचा आमचा अधिकार काढून घेण्यांत आला आहे.

ह्या घरांतला हा पहिला संगणक नव्हे. पहिला आणला आमच्या काकांनीं, २००२ सालीं. काका १९५४ सालीं स्थापन झालेल्या पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यांत हिशेबखात्यावर होते. निवृत्त झाल्यावर सहासष्टाव्या वर्षीं ते पुण्यास बुधवार पेठेंतल्या तपकीर गल्लींत गेले, आणि सुटे भाग घेऊन जुळवलेला एक संगणक रिक्षांत घालून घरीं आले. त्याचा पडदा ट्रंकेएवढा खोल होता. काकूंनीं त्यावर क्रोशाचें झांकण विणून घातलें. काकांना त्याचें कौतुक नव्हतें. त्यांस एक काम उरकावयाचें होतें. तें म्हणजे आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त.

विसाव्या शतकांत कोकणस्थांच्या कित्येक घराण्यांचे कुलवृत्तान्त छापले गेले. आमच्या शाखेचा मात्र राहून गेला होता. घरीं मोडी कागदांचें एक दप्तर होतें, तें तीन पिढ्यांत कोणास वाचतां आलें नव्हतें. काका पुण्यास जाऊन मोडी शिकले, दप्तर सोडवलें, कोकणांत जाऊन नातलगांस भेटले, आणि तीन वर्षें रोज सकाळीं स्नानानंतर दोन तास टंकलेखन करून त्यांनीं तो ग्रंथ बालबोध लिपींत सिद्ध केला. कळफलकावर त्यांनीं कागदाचे चौकोनी तुकडे चिकटवून मराठी अक्षरें लिहिलीं होतीं. छापावयाचें आज करूं उद्यां करूं म्हणतां राहून गेलें, आणि २०११ सालीं काका गेले. त्यांचें यंत्र माळ्यावर गेलें. “काकांचें सगळें त्यांत आहे,” असें आम्ही सर्वजण चौदा वर्षें एकमेकांस सांगत राहिलों. तें उघडून मात्र कोणीं पाहिलें नाहीं.

नवा संगणक आल्यावर पुतण्यानें माळ्यावरून तें जुनें धूड खालीं काढलें, त्याची चकती सोडवली, आणि एका जोडणीच्या साहाय्यानें ती नव्या यंत्रास लावली. चकती घरघरूं लागली तेव्हां आमचा जीव भांड्यांत पडला. काकांची फाइल सांपडली. काकूंना आम्हीं मुद्दाम खुर्ची आणून शेजारीं बसवलें. त्यांचें वय आतां चौऱ्यायशी आहे. “वाच रे मोठ्यानें,” त्या म्हणाल्या. फाइल उघडली. पडद्यावर एकहि मराठी अक्षर नव्हतें! रोमन अक्षरें, डॉलरचीं चिन्हें, महिरपी कंस, डोक्यावर टिंबें असलेलीं कुठलीं कुठलीं युरोपीय अक्षरें, अशीं दोनशें पानें. काकूंनीं चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिलें, आणि विचारलें, “हें इंग्रजी त्यांनीं कधीं लिहिलें?”

आम्हांस उत्तर देतां येईना. रात्रीं पुतण्यानें उलगडा केला तो असा. संगणक अक्षर ओळखत नाहीं; तो अंक ओळखतो. काकांच्या काळीं बाजारांत जे मराठी टंक मिळत, त्यांत मराठी अक्षरांस स्वतःचे अंक नसत. रोमन अक्षरांच्याच अंकांवर मराठी अक्षरांचीं चित्रें बसवलेलीं असत. तो टंक यंत्रावर आहे तोंवर मराठी दिसतें. नसेल तर मागचें रोमन उघडें पडतें. शिवाय प्रत्येक कारखानदाराची वांटणी निराळी. एकाचा ‘क’ तो दुसऱ्याचा ‘भ’. हा घोटाळा टाळण्याचा मार्ग निघाला नव्हता असें नाहीं. ज्या पुण्यांत १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था निघाली व १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक तयार झाला, त्या पुण्यापासून आमचें घर तासाभराच्या वाटेवर आहे. १९९१ सालींच भारतीय मानकानें आपल्या लिपींसाठीं सामायिक संकेत ठरवून दिला. त्याच वर्षीं जगांतल्या लिपींसाठीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, आणि तिच्यांतील देवनागरीची मांडणी ह्या भारतीय संकेताच्या आधींच्या रूपावरूनच घेतलेली आहे. तिच्यांत ‘क’ चा अंक २३२५. तो पिंपरींतहि तोच आणि पॅरिसमध्येंहि तोच. परंतु काका लिहीत होते तेव्हां छापखाने जुन्याच टंकांवर चालत, आणि काकांना तर ग्रंथ छापावयाचा होता. त्यांची चूक ती एवढीच.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. मोडीचें दप्तर दोनशें वर्षें टिकलें होतें. लिपि विसरली गेली, तरी शाई कागदावर होती. शिकणारा एक माणूस भेटतांच तें बोलूं लागलें. काकांनीं तें मोडींतून सोडवून सुरक्षित म्हणून ज्या पेटींत ठेवलें, तिचें कुलूप वीस वर्षांतच गंजलें. आणि दोष यंत्राचा तरी कसा म्हणावा? मोडी विसरलों ते आपणच, आणि चौदा वर्षें फाइल न उघडणारेहि आपणच.

सुदैवानें जुन्या चकतींत तो टंकहि सांपडला. नव्या यंत्रावर तो बसवतांच पानें एकदम मराठी झालीं. जणूं कोणीं काजळी पुसली. मग तीं युनिकोडमध्यें पालटणें आलें. असें पालटून देणारीं साधनें आहेत, पण तीं जोडाक्षरांवर ठेंचकाळतात. ‘तऱ्हा’ मधला र हरवला, ऱ्हस्व-दीर्घ उलटेपालटे झाले, आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. दोनशें पानें डोळ्यांनीं तपासल्यावांचून गत्यंतर नव्हतें. तेव्हां रोज रात्रीं जेवणें झालीं कीं, घर संगणकाभोंवतीं बसूं लागलें. एकानें जुनें पान वाचावें, दुसऱ्यानें नवें दुरुस्त करावें. पुतण्याच्या मुलीनें इन्स्क्रिप्ट कळफलक चार दिवसांत हस्तगत केला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनें उजव्या. ‘क’ ची कळ शिफ्टसह दाबली कीं ‘ख’, आणि ‘त’ ची दाबली कीं ‘थ’. “हें तर बाराखडीसारखेंच आहे,” ती म्हणाली. आम्ही अजून एका बोटानेंच लिहितों.

सुमारें पन्नासाव्या पानापाशीं एक गोष्ट घडली. काकांनीं प्रत्येक पुरुषाखालीं त्याची पत्नी, तिचें माहेरचें नांव आणि गांव दिलें आहे. परंतु अकरा ठिकाणीं माहेरच्या नांवाच्या जागीं नुसतीं टिंबें होतीं. मोडी कागदांत जमिनी होत्या, कर्जें होतीं, गाईम्हशी होत्या. सुनांचीं माहेरें नव्हतीं. वाचणाऱ्यानें “टिंबें” असें म्हटलें आणि तो पुढें निघाला. तोंच काकू वाती वळतां वळतां म्हणाल्या, “थांब. त्या केळशीच्या.” आणि त्यांनीं नांव सांगितलें, वडिलांचें नांव सांगितलें, त्या किती भावंडांतल्या, हेंहि सांगितलें. हें त्यांना त्यांच्या सासूबाईंनीं मंगळागौरीच्या जागरणांत सांगितलें होतें. अकरांपैकीं सात टिंबें काकूंनीं त्या आठवड्यांत भरून काढलीं.

आम्ही थक्क झालों. काकांनीं कोकण पालथें घातलें होतें, पुण्याला खेपा घातल्या होत्या. आणि नांवें स्वयंपाकघरांत होतीं! “काकू, हें तुम्ही काकांना त्या वेळीं कां सांगितलें नाहीं?” आम्हीं विचारलें. वात पुरी करून निरांजनांत ठेवीत त्या म्हणाल्या, “कोणीं विचारलें नाहीं.”

बोलण्यांत तक्रारीचा सूर मुळींच नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें. काकांवर राग काढावा तर आम्हीहि त्याच घरांत पन्नास वर्षें वावरलों आहोंत. आम्हांलाहि विचारावेंसें वाटलें नव्हतें. उरलेलीं चार टिंबें आम्हीं तशींच ठेवलीं आहेत. तीं नांवें ठाऊक असलेलें माणूस कोठें तरी असेलहि. पण विचारण्याची वेळ बहुधा निघून गेली.

आतां ग्रंथ पुरा झाला आहे. कागदावर छापून त्याच्या पांच प्रती बांधून घेतल्या; एक कोकणांतल्या घरीं ठेवली, एक काकूंच्या उशाशीं आहे. संगणकांतली प्रत आणखी दोन ठिकाणीं उतरून ठेवली असून दर दसऱ्यास ती उघडून एक पान मोठ्यानें वाचावयाचें, असा घरानें नियम केला आहे. वाचकांच्या घरींहि एकादें जुनें यंत्र माळ्यावर असेल, तर तें ह्याच महिन्यांत खालीं काढावें, अशी आमची विनंति आहे. आणि त्याआधीं, घरांत जें सर्वांत वडील माणूस असेल त्याच्यापाशीं जाऊन बसावें.

हें लिहीत असतां काकू शेजारीं आहेत. पडद्याकडे पाहून त्यांनीं विचारलें, “माझें माहेर लिहिलें आहे ना त्यांत?” आम्हीं पान काढून दाखवलें. काकांनीं तें सर्वांत आधीं लिहून ठेवलें होतें.