न तुटलेला पट्टा

आमच्या जिन्याखालच्या खिळ्याला एक रबरी पट्टा टांगलेला आहे. दाते शाबूत, कुठे चीर नाही. दर दिवाळीला बायको तो भंगारात काढते आणि मी परत टांगतो. ज्या गाडीतून तो निघाला, ती विकूनही बरीच वर्षं झाली.

ती गाडी मी 2006 साली जुनी घेतली. डिझेलची, 83 हजार किलोमीटर झालेली. महिन्याभरातच आईला घेऊन चिपळूणहून कराडला येत होतो. कुंभार्ली घाट चढून वर आलो आणि हेळवाकच्या अलीकडे इंजिन बंद पडलं. धूर नाही, मोठा आवाज नाही. ब्रेकचं पेडल तेवढं दगडासारखं झालं. एका ट्रकवाल्याने टोचन करून रात्री कराडात एका पत्र्याच्या गॅरेजसमोर आणून सोडलं.

तिथल्या मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी हेड उतरवलं आणि वर्तमानपत्रावर व्हॉल्व्ह ओळीने मांडले. बहुतेक सगळे वाकलेले. शेजारी तुटलेला टायमिंगचा पट्टा.

"खालचं पिस्टन आन् वरचं व्हॉल्व्ह, दोघांचा ताल ह्यो पट्टा राखतोय. त्यो तुटला की व्हॉल्व्ह उघडा ऱ्हातो आन् पिस्टन खालनं येऊन आपटतंय. डिझेलमदी तर मधी जागाच नसती."

पट्टा हजाराच्या आत आला असता. हेडच्या कामाला 18 हजार लागले. "निदान काही आवाज तरी करायचा!" मी वैतागून म्हणालो.

"पट्टा सांगून जात न्हाई, सर."

मी शाळेत गणित शिकवत होतो. पण कोणता पार्ट कधी बदलायचा, हे गणित त्यांनी मला शिकवलं. किंमत ते सगळ्यात शेवटी काढायचे. आधी दोनच प्रश्न: जायच्या आधी सांगतो का? आणि जाताना आणखी कुणाला घेऊन जातो? ब्रेकचे पॅड संपत आले की किरकिरतात, क्लच घसरायला लागतो, बॅटरी थंडीतल्या सकाळी सेल्फला कण्हते. यांची वाट बघायची, कान उघडे ठेवून. रेडिएटरचा होज मात्र एकटा जात नाही. तो फुटला की पाणी जातं, इंजिन तापतं आणि हेड गॅसकेटही जातं. गाडी थंड असताना क्लिपजवळ होज चिमटीत कसा दाबायचा, हे मिस्त्रींनी माझी बोटं धरून दाखवलं. चांगला होज दाबला की उसळतो. म्हातारा झालेला मऊ पडतो, नाहीतर बोटांखाली करकरतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. असं ओल धरलेलं ऑइल घाट उतरताना तापलं की उकळतं, त्यात वाफ धरते आणि पेडल पायाखाली रिकामं जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, गाडी फिरो न फिरो. टायरच्या कडेवरचे चार आकडेही त्यांनीच वाचायला शिकवले: 2305 म्हणजे 2005 सालचा तेविसावा आठवडा. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. त्यामुळे पट्ट्याचे किलोमीटरही मोजायचे आणि वर्षंही. जे आधी भरेल ते खरं.

एकदा पोळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. कागदावर अकरा पार्ट लिहून नेले, सगळे बदला म्हणालो. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून सात खोडले. क्लचवर मी अडून बसलो तर म्हणाले, "अजून जीव हाय त्येच्यात. पैसं पोरीच्या फीला ठेवा." तो क्लच पुढे दोन वर्षं चालला. गिऱ्हाईक आपण होऊन खिसा उलटा करत असताना हात मागे घेणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

2011 च्या उन्हाळ्यात गॅरेज बंद करून ते मुलाकडे इचलकरंजीला गेले. जाताना वहीचं एक पान फाडून दिलं: 'पट्टा. 1,43,000 किंवा जून 2011.' जून उजाडला तेव्हा मीटर 1,29,000 दाखवत होता. चौदा हजार शिल्लक होते. मन चुळबुळत होतं, तरी दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी लावली. तिथल्या पोराने जुना पट्टा हातात दिला. "काका, अजून चालला असता की!"

घरी येऊन मी पट्टा उलटा करून उन्हात धरला, दाते एकेक करून तपासले. एखादी चीर सापडली असती तर बरं वाटलं असतं. घाटातून टोचन करून आणणाऱ्या ट्रकवाल्याचे उपकार मला चटकन कळले होते. इथे तर काही घडलंच नव्हतं. न घडलेल्या गोष्टीचे उपकार मानायचे तरी कसे?

तरी मिस्त्रींना फोन लावला. पोराचं बोलणं सांगितलं.

"चाललाच असता. पण कुठंवर, हे त्यो सांगणार हुता व्हय?" ते हसले. मी आभाराचं वाक्य जुळवतच होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पाण्याचा पंप बदलला न्हवं?"

नव्हता बदलला. आमच्या गाडीत पंप त्याच पट्ट्यावर फिरायचा. पंप जाम झाला तर नवा पट्टाही जाणार, आणि उघडायची मजुरी एकच. थोडे पैसे वाचवायला मी तो तसाच ठेवला होता.

"सर..." एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच सगळं पुन्हा उघडायला लावलं. मजुरी दुप्पट पडली. ऋण थोडं हलकं करायला म्हणून फोन केला होता. पंपाचं वरती आणखी चढलं.