दाव्याबाहेरची देवणी

सास्तूरच्या जुन्या गावात देवणी गाय माणसांच्याच छपराखाली राहायची. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद, एका अंगाला चूल आणि दुसऱ्या अंगाला दावण. कालवड असताना गळ्यात पडलेलं दावं तिचा जन्म आखून टाकी: दिवसा गायरान, तिन्हीसांजेला खुंटा, चौथ्या वर्षाच्या आसपास पहिलं वेत, खोंड झाला तर तो औताला. शेजारच्या ज्वारीत तोंड घातलं की गळ्यात लोढणं, नाहीतर 1871 च्या कायद्यानं चालणारा कोंडवाडा. मग 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारच्या सुमारास, भूकंपात ही घरं बसली. माणसांबरोबर हजारो जनावरं गेली. दार उघडं असतं तरी खुंट्याला बांधलेली गाय कुठे पळणार होती? म्हणूनच माझं ठाम मत आहे, की देवणीला भिंतींपासून दूर, मोकळ्या अंगणात ठेवावं आणि दाव्याचं काम कुंपणावर सोपवावं. मुक्त संचार गोठा आता महाराष्ट्रात नवा राहिलेला नाही. रानडुकरांसाठी शेताभोवती लावतात ते झटका मशीनही गावोगाव माहीत आहे. या दोहोंची सांगड घातली की झालं.

यावर पहिला आक्षेप क्रूरतेचा. झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा, क्षणाच्या अंशापुरता ठोका देतं. दाब काही हजार व्होल्ट असला तरी त्यातली ऊर्जा फार थोडी असते. गाय नवी वस्तू आधी हुंगते, ओल्या नाकाला एकदा चटका बसतो आणि पुढे ती तारेपासून स्वतःच अंतर राखते. तिला रोखते ती आठवण. चोवीस तास मान आवळणाऱ्या दाव्यापेक्षा मला हे कमी निर्दय वाटतं. मात्र घरातल्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणं हा गुन्हा आहे, त्यानं माणसं मरतात. त्याला इथे जागाच नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. झटका बसायला वीज तारेतून जनावराच्या अंगात, खुरांतून जमिनीत आणि जमिनीतून मशीनच्या अर्थिंगच्या सळईकडे परतावी लागते. चैत्र-वैशाखात आपली काळी रानं भेगाळतात, वरचा थर कोरडाठाक होतो, आणि तार नुसतीच ताणलेली राहते. गंमत अशी, की बर्फाळ मुलखातल्या पशुपालकांपुढे हीच अडचण थंडीत उभी राहते: कोरडा बर्फ वीज वाहू देत नाही, गाय जणू रबरावर उभी असते. त्यांचा उपाय सास्तूरलाही लागू पडतो. एक तार मशीनला, तिच्या शेजारची अर्थिंगला, अशा आलटून-पालटून ओढायच्या. दोन्हींना एकदम अंग लागलं की जमीन कोरडी असली तरी झटका बसतो. सळया खोल ठोकून त्यांच्या बुडाशी पाणी घालत राहावं. तारेची ओळखही आषाढात, ओल्या मातीवर करून द्यावी, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत गाय ती विसरत नाही.

वैरण संपली तर मात्र कोणतंच कुंपण टिकत नाही. भुकेली गाय चटका सोसते. त्यामुळे तारेच्या खर्चाआधी कडब्याची गंजी हवी. माजावर आलेली गायही वळूच्या ओढीनं तार तोडते. तेवढ्या काळापुरतं तिला दाव्याला बांधावंच लागेल.