दुहेरी

'व्यावसायिक' हा शब्द मराठीत खेळाडूच्या मागे लागला की आपल्याला किंचित अवघडल्यासारखे होते. तो खेळाडू बाई असेल तर अधिकच. 'हौशी' या शब्दाला मात्र आपल्याकडे मान आहे. मराठी घरातल्या स्त्रीच्या टेनिसची कथाही हौशीपणातच सुरू होते. १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणजे लीला राव. तिची आई पंडिता क्षमा राव, 'सत्याग्रहगीता' लिहिणारी संस्कृत कवयित्री आणि स्वतः टेनिस खेळणारी. आजोबा शंकर पांडुरंग पंडित, तुकोबांच्या गाथेचे संपादक. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला या घराण्याचे अप्रूप वाटावे यात नवल नाही. पण या खेळावर पोट भरते का, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडण्याचे कारण नव्हते. तो प्रश्न पडायला बार्शीपर्यंत यावे लागते.

प्रार्थना ठोंबरे १९९४ साली बार्शीला जन्मली. बार्शी म्हणजे भगवंताचे देऊळ, ज्वारीचा बाजार आणि एकेकाळची बार्शी लाइट रेल्वे. टेनिसशी या गावाचे नाव जोडावे असे काही चटकन आठवत नाही. तिथून निघालेली ही मुलगी पुढे हैदराबादेत सानिया मिर्झाच्या अकादमीत शिकली, २०१४ साली इंचॉनच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सानियाबरोबर दुहेरीचे कांस्यपदक घेऊन आली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये उतरली. तिथे पहिल्याच फेरीत चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई या जोडीकडून तीन सेटमध्ये हार झाली. आपल्याकडच्या बहुतेकांच्या लेखी ही गोष्ट इथेच संपते: 'सानियाबरोबर खेळलेली ती मुलगी.'

या संबोधनात एक छुपा आरोप आहे. सानिया त्या वेळी दुहेरीत जगात पहिली होती, आणि पहिल्या दहांतल्या खेळाडूला आपल्याहून बऱ्याच खालच्या क्रमांकाची जोडीदार घेऊन ऑलिंपिकला जाता येत असे. म्हणजे प्रार्थना दुसरीच्या तिकिटावर गेली, असे म्हणायला जागा राहते. मला हे म्हणणे उथळ वाटते. तिकीट दुसरीचे असले तरी तीन सेट स्वतःच्याच मनगटावर खेळावे लागतात. शिवाय दुहेरीचा खेळ ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ठाऊक असते की जाळ्यापाशी उभी असलेली खेळाडू चेंडूला न शिवताही गुण मिळवत असते. पाठीमागे हात नेऊन ती बोटांनी खूण करते, सर्व्हिस झाली की एक पाऊल आडवे टाकल्याचा नुसता भास निर्माण करते, आणि समोरची बिचकून चेंडू जाळ्यात मारते. गुणफलकावर या पावलाची नोंद होत नाही. (आपल्या समीक्षेतही अनुवादकाचे असेच होते. असो.)

रिओनंतरची तिची वर्षे मला रिओपेक्षा अधिक विचार करण्याजोगी वाटतात. महिला टेनिसच्या खालच्या पायरीवर पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धा असतात. ही रक्कम विजेतीला मिळत नाही. ती साऱ्या खेळाडूंत वाटली जाते. दुहेरी जिंकणाऱ्या जोडीच्या वाट्याला एकूण हजार डॉलरच्या आसपास येतात, तेही दोघींत वाटून घ्यायचे. त्यातून विमानभाडे, राहणे, रॅकेटच्या तारा आणि प्रशिक्षक सोबत असलाच तर त्याचा खर्च. व्यवसाय म्हणावा तर हा आतबट्ट्याचा. आणि तरीही वर्षानुवर्षे आज या देशात, पुढच्या आठवड्यात त्या देशात, कधी ओळखीच्या तर कधी पहिल्यांदाच भेटलेल्या जोडीदाराबरोबर खेळत राहायचे.

आमच्या सोसायटीत चाकणच्या एका कारखान्यात जपानी दुभाषी म्हणून काम करणारी शेजारीण आहे. तिच्याशी बोलताना युरी फुदो हे नाव प्रथम कानावर पडले. गोल्फ हा माझा विषय नव्हे, पण त्या नावाने मला वाचायला लावले. जपानमध्ये महिला व्यावसायिक गोल्फची पहिली परीक्षा १९६७ साली झाली. तिच्यातून आलेली हिसाको हिगुची १९७७ साली अमेरिकेतली एलपीजीए चॅम्पियनशिप जिंकली. सॉफ्टबॉल सोडून गोल्फकडे वळलेली आयाको ओकामोतो १९८७ साली अमेरिकी महिला सर्किटच्या कमाईच्या यादीत अव्वल आली. त्या जागी पोहोचलेली ती पहिली बिगरअमेरिकी. या दोघी जगाला ठाऊक आहेत. फुदो मात्र बहुतांशी मायदेशातच खेळली. २००० ते २००५ अशी सलग सहा वर्षे ती जपानच्या कमाईच्या यादीत पहिली होती आणि तिच्या नावावर तिथली पन्नास विजेतेपदे आहेत. बाहेर तिला फारसे कुणी ओळखत नाही, आणि त्याने तिचे काही अडले नाही. कारण तिच्या देशात वर्षाला तीसहून अधिक स्पर्धा होतात, आणि जगज्जेती न होताही तिथल्या बाईला खेळाडू म्हणून आयुष्य काढता येते.

हे 'न होताही' आपल्याकडे नाही. आमच्या वर्गात तालुक्या-तालुक्यांतून कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळलेल्या मुली येतात. तृतीय वर्षापर्यंत बहुतेकींचा खेळ एका प्रमाणपत्रात उरलेला असतो. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि भरतीसाठी ते प्रमाणपत्र लागते. मी या मुलींना नावे ठेवणार नाही. घरच्या परिस्थितीत हाच शहाणपणा आहे. पण खेळ ही नोकरीची शिडी, नोकरी लागली की शिडी अडगळीत, ही व्यवस्था आपण किती सहज मान्य केली आहे! तिशी ओलांडूनही खेळालाच काम मानणारी प्रार्थना या व्यवस्थेत बसत नाही, म्हणून तिचे काय करावे हे आपल्याला कळत नाही.

एप्रिल २०२५मध्ये बिली जीन किंग चषकाच्या आशिया-ओशनिया गटाचे सामने म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाले. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले हे संकुल आम्हा वाकडकरांना मुळा ओलांडली की लागते. मी त्या आठवड्यात दोनदा जाऊन बसले. या स्पर्धेत दोन देशांच्या लढतीत दोन एकेरी आणि शेवटी एक दुहेरी असते. एकेरीत बरोबरी झाली की सारा भार दुहेरीवर येतो. भारत न्यूझीलंडविरुद्ध हरला, मग थायलंड, हाँगकाँग, चिनी तैपेई यांच्यावर २-१ अशी मात करत शेवटच्या दिवशी कोरियासमोर आला. एकेरीत १-१. निर्णायक दुहेरीसाठी अंकिता रैना आणि प्रार्थना ठोंबरे कोर्टवर आल्या.

त्या जिंकल्या. भारत दुसऱ्यांदा या चषकाच्या प्लेऑफला पात्र ठरला; पहिल्यांदा तो २०२०मध्ये पोहोचला होता, सानिया संघात असताना. या वेळी सानिया निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. कडक उन्हात मी जाळ्याकडच्या बाईवर नजर ठेवून होते. तिने पाठीमागे हात नेला, दोन बोटे दाखवली आणि गुडघ्यात वाकून उभी राहिली.