पळस्पे फाट्यावरचा माठ

पनवेल,
८ डिसेंबर

चि. प्रज्ञास,


मे महिन्यात तू फिलाडेल्फियाच्या कॉमिक जत्रेतले फोटो पाठवलेस, तेव्हाच लिहायचं होतं. पण लग्नपत्रिकांचा सीझन होता, प्रेसमधून मान वर काढायला फुरसत नव्हती. परवा सहा डिसेंबरला नेहमीप्रमाणे दादरला गेलो. पनवेल लोकल, कुर्ल्याला गाडी बदलायची, मग गर्दी नेईल तिकडे. दर्शन झाल्यावर शिवाजी पार्कात पुस्तकांच्या बाकड्यांपुढे उभा राहिलो आणि तुझे फोटोच आठवले. लिहिणारा स्वतःच विकायला बसलेला, बापाच्या खांद्यावरचं पोर चित्राकडे बोट दाखवतंय, आणि भाव न करता पुस्तक घेणारी माणसं. तुमच्याकडे पोरांनी मुखवटे नि झगे घातले होते, इथे निळ्या टोप्या. एवढाच काय तो फरक.

तू विचारलं होतंस, "मामा, आपल्या लोकांची अशी कॉमिक्स का नाहीत?" आहेत गं, पण थोडी. त्यातलं एक या पत्रासोबत पाठवतोय. त्याआधी तुमच्या गावची एक गोष्ट ऐक, कारण ती मला छापखानेवाला म्हणून लागली.

तुमच्या फिलाडेल्फियातच १९४७ साली ऑरिन एव्हान्स नावाच्या काळ्या पत्रकाराने 'ऑल-नीग्रो कॉमिक्स' काढलं. तो ज्या वर्तमानपत्रात होता ते बंद पडलं होतं. लिहिणारे, चित्रं काढणारे सगळे काळे. इतर कॉमिक्स दहा सेंटला मिळत, याची किंमत पंधरा. दुसऱ्या अंकाची तयारी झाली, पण कागद विकणाऱ्यांनी त्याला कागदच दिला नाही, असं सांगतात. एका अंकात खेळ संपला. पोरी, चाळीस वर्षं मी रीम मोजतोय. एखाद्याचं तोंड बंद करायला त्याचं तोंड दाबावं लागत नाही, कागदवाल्याने मान हलवली की पुरे. आपल्याकडे १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढलं, तेव्हा पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने जाहिरात घेतली नव्हती. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून ते पत्र उभं राहिलं. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा भारत भूषण छापखाना घातला, तो काय हौस म्हणून?

त्या तुझ्या जत्रेचं मूळही हेच. १९९० साली सिम्स भावांनी 'ब्रदरमॅन' काढलं ते कॉमिकच्या दुकानांची वाट न बघता, काळ्या लोकांच्या जत्रांत टेबल मांडून विकलं. शिकागोत टर्टेल ऑन्लीने १९९३ साली काळ्या कॉमिकवाल्यांचं संमेलन भरवलं. यूमी ओडमने तुमच्या गावात २००२ला तसंच संमेलन सुरू केलं, तेच तू पाहून आलीस. दुकानदार फळीवर जागा देईना, तर फळीच आपली करायची.

'दलित पँथर'चं नाव कुठून आलं ते तुला ठाऊक आहे. ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या पोरांनी १९७२ला ते ओकलंडच्या ब्लॅक पँथर पार्टीवरून उचललं. गंमत अशी की मार्व्हलचा ब्लॅक पँथर त्या पार्टीच्या काही महिने आधीचा, पण पार्टीने नाव घेतलं ते अलाबामातल्या एका निवडणूक चिन्हावरून. कॉमिकशी त्याचा संबंध नाही, पोरांपुढे मिरवायला मात्र बरं पडतं. आणि उलटा प्रवास त्याहून जुना. फुल्यांनी १८७३ची 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या माणसांना.

पण आपल्याकडे या सगळ्यातून कविता आली, चित्र नाही आलं. अनियतकालिकं हाताने सायक्लोस्टाइल करून निघत, त्यात अक्षरं मावणंच मुश्कील. चित्राला ब्लॉक लागे आणि ब्लॉकला पैसे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, तेवढंच चित्र. मी सातवीत असताना, १९७९ला, अमर चित्र कथेचा 'बाबासाहेब आंबेडकर' आला. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर तो बघून मी दोन दिवस वडापाव खाल्ला नाही. अजून आहे माझ्याकडे, पिना गंजल्यात. मालिका सुरू झाली १९६७ला, देव झाले, राजे झाले, मग आपला नंबर. घर दुसऱ्याचं, आपण पाहुणे.

आता हे पुस्तक, 'भीमायन'. दिल्लीच्या नवयानने २०११ला काढलं. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी लिहिलं, पण वाचायचं ते दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांच्या चित्रांसाठी. दोघं मध्य प्रदेशातले परधान गोंड. माणसांना चौकटीत कोंडायला त्यांनी नकार दिला, म्हणून पुस्तकात कॉमिकचे चौकोनच नाहीत. गोड बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात, आणि विटाळ मानणाऱ्याचे शब्द विंचवाच्या नांगीसकट. मी तीस वर्षं बोलण्याचे फुगे छापतोय, हे मला कधी सुचलं नाही! पहिला भाग पाण्याचा. मसूर स्टेशनावर उतरलेला लहान भीम, आणि पुढे महाडचं तळं. तक्रार माझी एकच: मजकूर इंग्रजी आणि किंमत अशी की सहा डिसेंबरच्या बाकड्यावर, वीस रुपयांच्या पुस्तिकांशेजारी, ते परक्यासारखं दिसतं.

पाण्यावरून आठवलं. पळस्पे फाट्यावरून आपण तुझ्या आजीकडे जायचो, तिथली सोनबा येलव्यांची गोष्ट तुला लहानपणी सांगितली होती. बाबासाहेब तिथे थांबले, त्यांना कुणी पाणी दिलं नाही. सोनबा म्हणाले, पुढच्या वेळी पाणी मी आणतो. मग तो माणूस रोज भरलेला माठ घेऊन फाट्यावर बसायचा, वर्षानुवर्षं, मरेपर्यंत. बाबासाहेबांची गाडी त्या वाटेने पुन्हा त्यांच्यासमोर थांबली नाही, असं आमच्याकडे सांगतात. तू तेव्हा प्रेसमधल्या रद्दीच्या पाठकोऱ्या कागदावर माठ काढला होतास, माणसापेक्षा मोठा. ही गोष्ट चित्रांत केलेली मी अजून कुठे पाहिलेली नाही.

तू काढ. मराठीत. शब्द कमी चालतील, त्या फाट्यावर माणूस फारसं बोललाच नसेल. सोळा पानांत बसव, म्हणजे एकाच फर्म्यात काम होतं, आणि काळ्या शाईतच ठेव, रंगाच्या चार प्लेटा परवडायच्या नाहीत. निळा हवाच असेल तर फक्त कव्हरला. कागद माझा, पिना मारायला तुझी मामी आहे. पाचशे प्रती काढू. चित्रं ऑक्टोबरअखेर पाठव. नोव्हेंबरात पुन्हा पत्रिकांची गर्दी सुरू होते आणि मग मशीन माझ्या बापाचंही ऐकत नाही.

तुझा,
मामा