अनुदान शेवटी येतं

उज्जैन

चि. मृण्मयीस,

नागपूरची नोकरी सोडून इथे यायचं आणि भैरवगढच्या छिपा कारागिरांना सोबत घेऊन बाटीकचा लहानसा कारखाना काढायचा, हा तुझा बेत ताईकडून कळला होताच. आता तुझं पत्रही आलं. त्यात कापड, मेण आणि रंगांबद्दल चार ओळी आहेत, आणि सरकारकडून किती मिळेल याबद्दल दोन पानं. उभा जन्म बँकेत गेलेल्या तुझ्या मामाला हे प्रमाण उलटं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

नव्या धंद्याला सरकार रोख रक्कम हातावर ठेवतं, ही समजूत आधी काढून टाक. तुझ्यासारख्यांसाठीच्या बहुतेक योजना म्हणजे बँकेचं कर्ज आणि त्यामागे सरकारचा हात. मुद्रा योजनेत तर अनुदान नाहीच. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत निव्वळ कर्ज मिळतं. 'मुद्राची सबसिडी काढून देतो' असं सांगणारा भेटला तर चहा पाजून वाटेला लाव.

तुझ्या कामाची खरी योजना म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. २००८ पासून तो खादी ग्रामोद्योग आयोगामार्फत चालतो. आपल्याकडे जिल्हा व्यापार आणि उद्योग केंद्रातही चौकशी करता येते. २०२२ मध्ये उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा ५० लाख झाली. समज, तुझा प्रकल्प ८ लाखांचा आहे. स्त्री असल्यामुळे तू विशेष गटात येतेस, तेव्हा स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ४० हजार घाल. उरलेले ७ लाख ६० हजार बँक देईल. अनुदान शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के. म्हणजे २ लाख किंवा २ लाख ८० हजार. जागेच्या पत्त्याने ८० हजारांचा फरक पडतो, म्हणून शेड भाड्याने घेण्याआधी ती कोणत्या हद्दीत मोडते ते कागदावर बघ. जमिनीची किंमत मात्र प्रकल्पात धरत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. हे अनुदानाचे पैसे तुझ्या हातात येत नाहीत. ते बँकेत तुझ्या नावाच्या ठेवीत तीन वर्षं अडकून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी कोणीतरी येऊन कारखाना चालू आहे का ते पाहतो, आणि मगच रक्कम कर्जात वळती होते. मधल्या काळात मेण, रंग, मजुरी आणि हप्ता, सगळं विक्रीतूनच निघायला हवं. जो धंदा अनुदानाशिवाय तीन वर्षं तगत नाही, त्याला अनुदान मिळायची वेळच येत नाही.

दुसरा पर्याय मध्य प्रदेश सरकारच्या मुख्यमंत्री उद्यम क्रांती योजनेचा. त्यात व्याजावर ३ टक्के सवलत सात वर्षांपर्यंत मिळते. दोन्हीकडचा लाभ एकदम मिळत नाही, तेव्हा आकडे शेजारी मांडून एकच निवड. विश्वकर्मा योजनेबद्दलही विचारलं आहेस. तिच्या १८ व्यवसायांत हार ओवणारे आहेत, शिंपी आहेत, परीट आहेत. कापड छापणारा छिपा नाही. उज्जैनच्या बाटीकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तेही पैसे देत नाही. नक्कल करणाऱ्याविरुद्ध आणि गिऱ्हाइकासमोर उभं राहायला बळ देतं, एवढंच.

बँकेच्या बाजूने सांगतो. अर्ज वाचणारा अधिकारी योजनेचं नाव पाहून कर्ज देत नाही. कापड कोण घेणार, कोटेशन खरी आहेत का, आधीचे हप्ते वेळेवर गेले का, हे तो पाहतो. अनुदान वाढावं म्हणून पाच लाखांच्या कामाचा दहा लाखांचा अहवाल करणारे मी पुष्कळ पाहिले. अनुदान वाढतं खरं, पण हप्ताही तेवढाच वाढतो. अशा लहान कर्जाला तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कुणी घराचे कागद मागितले तर नम्रपणे नियम दाखव. उद्यम नोंदणी आणि रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा ऑनलाइन अर्ज, दोन्हींना शुल्क नाही. दलालाला एक पैसाही देऊ नकोस.

पत्रासोबतच्या तुझ्या प्रकल्प अहवालात मला पावसाळा कुठेच दिसला नाही. रंगवलेलं कापड उन्हावर वाळतं, आणि गर्दी नेमकी पावसात येते. महाकालाची सवारी श्रावणाच्या सोमवारी निघते; उत्तरेचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो आणि शिंद्यांच्या काळापासूनच्या मराठी रिवाजामुळे इथे आपलाही श्रावण धरतात, म्हणजे जवळपास दीड महिना. त्याचा माल ज्येष्ठातच तयार हवा, आणि तो करायला लागणारं खेळतं भांडवल अहवालात आधीच मागायला हवं. यंत्रासाठी सगळे मागतात, खेळत्या भांडवलाला विसरतात. लहान कारखाने बंद पडतात ते बहुधा तिथेच.

२०२८ च्या सिंहस्थाच्या भरवशावरही कर्ज काढू नकोस. ती गर्दी बारा वर्षांतून एकदाच येते, हप्ता दर महिन्याला येतो.

योजनांच्या मुदती आणि टक्केवारी बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी चालू नियम उद्योग केंद्रातूनच घे. आणि हे पत्र मिळालं की एका कागदावर अनुदानाचा रकाना कोरा ठेवून तीन वर्षांचा जमाखर्च मांड. तो जुळला तर अर्ज भर. नाही जुळला तर कितीही टक्के अनुदान असलं तरी थांब.

तुझा,
मामा